दोन दिवस पाहुणे व्हा, आपल्याच जुन्नरचे



"दादा, आपल्या तालुक्यात एवढे पर्यटक येतात, मग आपला धंदा का वाढत नाही?" हा प्रश्न मला व्हिडिओच्या खालीही विचारतात आणि पिंपळवंडीच्या दुकानात काउंटरवरही विचारतात. विचारणारी मुलं-मुली बहुतेक पंचविशीतली. चाकण-भोसरीला कंपनीत जायचं की इथेच काहीतरी सुरू करायचं, या विचारात अडकलेली. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे.

उत्तर एका ओळीत सांगतो. पर्यटक आपल्याकडे येतो, पण राहत नाही. सकाळी पुण्याहून निघतो, ओझर-लेण्याद्री करतो, जमलं तर शिवनेरी चढतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचतो. आपल्याकडे तो चहा पितो, पाण्याची बाटली घेतो, प्रसाद घेतो. बस्स. जिथे मुक्काम तिथे पैसा, हे धंद्यातलं जुनं गणित आहे. ते आपल्याला ऐकून माहीत आहे, पण पाहुण्याच्या बाजूने आपण ते कधी बघितलेलं नाही.

म्हणून एक काम देतोय. पुढच्या महिन्यात दोन दिवस आणि एक रात्र काढा. घरच्यांना सोबत घ्या. मावशीकडे, मित्राकडे उतरायचं नाही, पैसे देऊन राहायचं. खिशात एक छोटी वही ठेवायची. आणि आपलंच जुन्नर असं बघायचं, जणू आपण पहिल्यांदाच आलोय.

आधी फ्रान्सची एक चक्कर

दचकू नका, तिकीट काढायचं नाहीये. पण आपल्या नारायणगावचा आणि उत्तर फ्रान्समधल्या एका शहराचा जुना संबंध आहे, तो तुम्हाला माहीत असायला हवा.

१९८० च्या दशकात नारायणगावात इंडेज कंपनीने द्राक्षांपासून फसफसणारी वाइन बनवायला सुरुवात केली. तंत्र शिकवायला आली फ्रान्सच्या शँपेन भागातली पायपर-हायडसिक ही १७८५ पासूनची कंपनी. आपल्या मातीतल्या त्या वाइनच्या बाटल्या 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात विकल्या गेल्या. इंडेज पुढे कर्जाखाली येऊन बंद पडली, तो वेगळा धडा आहे. आज आपल्याला बघायचंय ते पायपर-हायडसिकचं गाव. त्याचं नाव रँस.

रँस म्हणजे काय? फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या कॅथेड्रलमध्ये व्हायचा, ते शहर. आजूबाजूला द्राक्षांचे मळे. शहराच्या पोटात खडूच्या दगडाच्या खाणी, त्यातल्या काही रोमन काळापासूनच्या. त्या खाणी आतून बारा महिने थंड राहतात, म्हणून शँपेनवाल्यांनी तिथे बाटल्या ठेवायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. २००७ साली पॅरिस ते रँस वेगवान रेल्वे सुरू झाली. प्रवास पाऊण तासावर आला. म्हणजे पाहुण्यांची संख्या वाढणार हे नक्की, पण ते संध्याकाळी परत जाणार हेही तितकंच सोपं झालं. आपल्या पुणे-नाशिक रस्त्यासारखीच गोष्ट. रस्ता चांगला झाला की माणूस लवकर येतो आणि लवकर जातोसुद्धा.

मग तिथल्या लोकांच्या हाती काय आहे? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, त्या खाणी तिकीट लावून दाखवतात. आधी वेळ नोंदवायची, ठरलेल्या वेळी माणूस तुम्हाला खाली घेऊन जातो, गोष्ट सांगतो, शेवटी एक पेला चाखायला देतो. बाटली विकायच्या आधी ते तुमचा तास-दीड तास विकत घेतात, आणि त्याचे पैसे तुम्हीच देता!

दुसरी, उन्हाळ्यात अंधार पडल्यावर कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर प्रकाश आणि संगीताचा खेळ दाखवतात. खेळ रात्रीचा आहे, त्यामुळे मुक्कामाला एक कारण मिळतं.

तिसरी, घरी न्यायला त्यांच्याकडे 'इथलंच' असं काहीतरी आहे. गुलाबी रंगाचं एक कुरकुरीत बिस्किट रँसच्या नावानेच ओळखलं जातं. ते बनवणारी फोसिए ही बेकरी १७५६ पासूनची आहे.

वेळ, रात्र आणि पिशवी. हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आता निघू जुन्नरला.

पहिला दिवस, सकाळ: शिवनेरी

त्यांच्याकडे राज्याभिषेकाचं ठिकाण आहे, आपल्याकडे जन्माचं. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण किल्ला शेवटचा नीट कधी बघितला, हे स्वतःला विचारा. शाळेच्या सहलीत? मग बघितलाच नाही असं समजा.

उन्हाच्या आत चढा. सात दरवाजे ओलांडत जा. शिवाई देवीचं दर्शन घ्या. अंबरखाना बघा, तिथे धान्य साठवायचे. गंगा-जमुना टाक्यांचं पाणी बघा. जन्मस्थानाची इमारत, मग कडेलोटाचं टोक. वरून खाली बघितलं की सगळं जुन्नर एका नजरेत दिसतं.

आता दुकानदाराच्या नजरेने बघा. एखादं पुण्याचं कुटुंब निवडा आणि लांबून निरीक्षण करा. आजी कुठे बसली? लहान मूल कुठे रडायला लागलं? बाईंनी स्वच्छतागृह कुठे आणि किती वेळ शोधलं? वडिलांनी मुलाला 'हा कोणता दरवाजा' हे सांगायला मोबाइल काढला का? जिथे माणूस अडखळतो, तिथे धंदा असतो. माहिती सांगणारं कोणी सोबत नसेल, तर ते कुटुंब तासाभरात फोटो काढून उतरतं. सोबत चांगला गोष्ट सांगणारा असेल, तर त्यांचे तीन तास जातात आणि उतरल्यावर कडकडून भूक लागलेली असते. ती भूक भागवायला खाली कोण बसलंय, हेही लिहून ठेवा.

आणखी एक. शिवजयंतीला गडावर किती गर्दी होते ते तुम्हाला माहीत आहे. त्या एका दिवसाच्या विक्रीवर वर्षाचं भाडं निघत नाही. धंद्याचा हिशेब नेहमी साध्या मंगळवारचा मांडा.

पहिला दिवस, दुपार: जुन्नर शहर

आपण जुन्नरला तालुक्याचं ठिकाण म्हणून ओळखतो. तहसील कचेरी, कोर्ट, एसटी स्टँड. पण हे दोन हजार वर्षांचं व्यापारी शहर आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून आलेला माल नाणेघाट चढून इकडे यायचा. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली, तेव्हा आधी कारभार जुन्नरमधूनच चालला, अहमदनगर वसलं ते नंतर. पुढे मलिक अंबरच्या काळातही काही वर्षं जुन्नर राजधानी होतं. जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेला होता. आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर छापा घातला. बाजारपेठ श्रीमंत होती म्हणूनच ना!

पेठेतून चालत फिरा, गाडी बाहेर लावा. आणि वहीत एकच प्रश्न लिहा: 'बाहेरचा माणूस इथे काय विकत घेईल?' जेवणाचं उत्तर सोपं आहे, मासवडी. पुण्या-मुंबईत ती सहज मिळत नाही, घरी करायला वेळ लागतो, आणि आपल्या भागाचं नाव तिला चिकटलेलं आहे. पण पिशवीतून घरी नेता येईल असं काय? काळा मसाला, हातसडीचा तांदूळ, बेदाणे, पापड-कुरडया. माल घराघरात आहे, पण त्यावर गावाचं नाव, बनवणारीचं नाव आणि बनवल्याची तारीख असलेली व्यवस्थित पाकिटं किती दुकानांत दिसतात, ते मोजा.

माझ्या दुकानात गाडी थांबवून उतरणारी माणसं पाणी घेतात आणि हमखास विचारतात, "इथलं खास काय आहे?" चिप्सचं पाकीट हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, ते तर त्यांच्या सोसायटीखालीही मिळतं.

पहिला दिवस, संध्याकाळ: सगळ्यात महत्त्वाचे तीन तास

संध्याकाळचे सहा वाजले. गड झाला, पेठ झाली. आता काय?

इथेच बहुतेक गाड्या पुण्याकडे वळतात. तुम्ही वळू नका. सहा ते नऊ हे तीन तास पाहुणा म्हणून काढून बघा आणि काय केलं, काय करावंसं वाटलं, ते प्रामाणिकपणे लिहा. बसायला जागा होती का? बघायला काही होतं का? मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली का? या तीन तासांचं उत्तर ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे मुक्काम असेल.

आणि आपल्याकडे उत्तर नाही असं नाही. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. यात्रांचा हंगाम आला की फडमालक इथे राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवून जातात. कलाकार आहेत, वादक आहेत. दीड तासाचा, कुटुंबाने बसून बघावा असा लोककलेचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी झाला, तर पुण्याचा माणूस का थांबणार नाही?

खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आत केव्हाही जाता येत नाही, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला मिळते. पण जगभरातले शास्त्रज्ञ ज्या दुर्बिणीवर काम करतात, ती आपल्या शिवारात आहे ही गोष्ट अंगणात खाट टाकून चांदण्या दाखवताना सांगता येतेच की. त्याला भांडवल किती लागतं? एक साधी दुर्बीण आणि अभ्यास.

एक गंभीर सूचना मात्र आत्ताच देतो. आपला भाग बिबट्याचा आहे. पाहुण्याला अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरवणं, लहान मुलांना अंगणाबाहेर एकटं सोडणं, हे अजिबात नाही. उजेड, कुंपण आणि सोबत माणूस, या तीन गोष्टींचा खर्च धरल्याशिवाय मुक्कामाचा धंदा सुरूच करू नका. पाहुण्यालाही हे स्पष्ट सांगा. खरं सांगणाऱ्यावर माणूस जास्त विश्वास ठेवतो.

दुसरा दिवस: लेण्याद्री, ओझर आणि एक जुनी बँक

सकाळी लेण्याद्री. जुन्नरपासून पाचेक किलोमीटर. तीनशेच्या आसपास पायऱ्या. गिरिजात्मजाचं दर्शन घ्या आणि लगेच खाली पळू नका. गणपती आहे तो सातव्या लेण्यात, शेजारची लेणीही बघा. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी खोदलेली आहेत. रँसवाल्यांकडे खाणी आहेत म्हणून मघाशी आपण कौतुक केलं ना? आपली लेणी बघा.

या लेण्यांत कोणाची नावं कोरली आहेत माहितीये? राजांपेक्षा धंदेवाल्यांची जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. 'चिट' नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांपूर्वी बाहेरचा माणूस इथे आला, रमला आणि स्वतःचे पैसे खर्च करून गेला!

आणि माझ्या सगळ्यात आवडीचा लेख म्हणजे, बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे पैसा ठेवलाय आणि त्यावर दर महिन्याला किती द्यायचं ते दगडात कोरलंय. याच रस्त्याने पुढे नाशिकला गेलात, तर पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणं विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली, २००० वर महिना शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याजाने. ही रक्कम मोडायची नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट.

जरा विचार करा. टोपल्या विणणाऱ्यांवर लोकांनी बँकेसारखा विश्वास ठेवला. का? कारण तो एकटा बुरूड नव्हता, ती श्रेणी होती. एक मेला तरी संघटना राहते, शब्द राहतो. आज आपण काय करतो? शेजारच्याने मिसळ सुरू केली की त्याच्यासमोर आपणही मिसळच सुरू करतो आणि पाच रुपये कमी लावतो. पाच जणांनी मिळून एकाने खोल्या, एकाने जेवण, एकाने गाइड, एकाने गाडी, एकाने पिशवीतला माल असं वाटून घेतलं, तर पाहुणा पाचही जणांकडे पैसे देतो.

तिथून ओझर. विघ्नेश्वराचं मंदिर, कुकडीचं पाणी. दर्शन होतं अर्ध्या तासात. पाण्याकाठी शांत बसणारी माणसं बघा, त्यांना उठावंसं वाटत नाही. ती 'वेळ' विकत घ्यायला तयार आहेत, विकणारा कोणी आहे का ते बघा.

पावसाळ्यात गेलात तर दुसऱ्या दिवशी ओझरऐवजी नाणेघाट धरा. जुन्नरपासून तासाभराचा रस्ता. घाटातल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यातले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी मानले जातात. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा व्हायची असं सांगतात. माल जाताना थांबायचा, म्हणून पैसा पडायचा.

आणि आता रांजण कुठे आहे?

पुणे-नाशिक रस्त्यावर बाह्यवळणं झाली. प्रवास सोपा झाला, ट्रॅफिक सुटलं, चांगलंच झालं. पण जुन्या रस्त्यावरच्या चहावाल्याला, पंक्चरवाल्याला, फळवाल्याला विचारा. जो माणूस समोर अडकला म्हणून थांबत होता, तो आता थांबत नाही. आपल्या पट्ट्यातल्या धंद्यांचा मोठा भाग 'अडकलेल्या गिऱ्हाइकावर' उभा होता. यापुढे जो थांबेल तो ठरवून थांबेल. आणि ठरवून थांबायला कारण लागतं.

हिशेब करू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या वहीतले तुम्ही भरा.

समजा चार माणसांचं कुटुंब अर्ध्या दिवसासाठी आलं. चहा-नाश्ता ३०० रुपये, जेवण ८००, प्रसाद-पार्किंग २००, फुटकळ १००. एकूण १४००.

तेच कुटुंब एक रात्र राहिलं तर वरचे १४०० आहेतच. शिवाय खोली २५००, रात्रीचं जेवण १०००, सकाळचा नाश्ता ४००, दुसऱ्या दिवशीचं जेवण ८००, संध्याकाळचा कार्यक्रम माणशी १५० प्रमाणे ६००, घरी न्यायचा माल ७००. हे झाले आणखी ६०००. एकूण ७४००.

गाडी तीच, माणसं तीच, जाहिरातीचा खर्च तोच. गावात राहिलेला पैसा पाचपटीहून जास्त.

मग लगेच खोल्या बांधायच्या का?

नाही! हे ठळक अक्षरात वाचा. शेतात कर्ज काढून सहा खोल्या बांधणं ही पहिली पायरी नाही. २०१८ मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. चांगल्या गोष्टी आहेत. पण घोषणेने खोली भरत नाही आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आधी गिऱ्हाईक तपासा, मग भिंत बांधा.

क्रम असा ठेवा:

१. गोष्ट सांगा. शिवनेरी किंवा लेणी नीट अभ्यासा आणि गटाला फिरवा. भांडवल म्हणजे पुस्तकं आणि बूट. पहिले दहा गट माफक पैशात करा, पण फुकट नको. फुकट दिलेल्या गोष्टीवर लोक खरं मत देत नाहीत.

२. एक ताट करा. आगाऊ सांगून येणाऱ्या पाहुण्यांना घरचं मासवडीचं जेवण. रोज हॉटेल उघडायची गरज नाही, ऑर्डर आली की चूल पेटवा. अन्न परवान्याची नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून.

३. एक पिशवी करा. दोनच वस्तू, चांगली पाकिटं, गावाचं नाव. शेजारच्या बचत गटाला सोबत घ्या.

४. मग एक खोली. घरात असलेलीच, स्वच्छ, चांगल्या स्वच्छतागृहासह. ती सलग तीन महिने शनिवार-रविवारी भरली, तर दुसरीचा विचार. शेतावर पाहुणे ठेवणार असाल तर पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटनाची नोंदणी करून घ्या.

बघा, पहिल्या तीन पायऱ्यांवर थांबलात तरी धंदा होतो. आणि चौथीवर गेलात तर तुमचे पहिले तीस-चाळीस पाहुणे तुम्हाला नावाने ओळखत असतील.

आजचा गृहपाठ

दोन दिवसांच्या सहलीत वहीत या सहा गोष्टी लिहायच्या:

- कुठे पैसे खर्च करायची इच्छा होती, पण घ्यायला काही नव्हतं?
- कुठे पैसे दिले आणि वाईट वाटलं?
- संध्याकाळी सहा ते नऊ काय केलं?
- स्वच्छतागृह किती वेळा शोधलं, किती वेळा चांगलं मिळालं?
- घरी काय आणलं? त्यावर जुन्नरचं नाव होतं का?
- पुण्याचा मित्र 'एक रात्र राहू का?' म्हणाला, तर त्याला कोणतं एक कारण सांगाल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. दहा वाक्यं लागत असतील तर अजून एक चक्कर मारा. आणि एका वाक्यात आलं, तर ते वाक्य तुमच्या धंद्याची पाटी आहे. खाली लिहून पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातली पाच वाक्यं घेऊन आपण त्यांचा खर्च आणि दर मांडून बघू.

चला, वही घ्या आणि निघा. शनिवारी पहाटे लवकर, म्हणजे शिवनेरीवर सावली मिळेल.